राष्ट्राध्यक्षाची सही आणि शेतकऱ्याचा बाजार
अमेरिका व जपान यांच्या व्यवहारांतील एक बोधप्रद प्रकरण

शेतमालाचा भाव पावसावर, पिकावर आणि गिऱ्हाइकाच्या गरजेवर ठरतो, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु या तिहींखेरीज भाव ठरविणारी एक चवथी गोष्ट आहे, ती म्हणजे राज्यकर्त्याची सही. पाऊस वेळेवर पडला, पीक भरघोस आलें, गिऱ्हाईक दारांत उभें राहिलें, तरी एका कागदावर झालेल्या एका सहीनें माल बंदरांत अडकून पडतो; आणि कित्येकदां अडकलेला माल पुढें सुटला तरी दुखावलेलें गिऱ्हाईक पूर्वीच्या विश्वासानें परत येत नाहीं. असें दोन वैऱ्यांमध्यें घडलें तर त्यांत नवल नाहीं. परंतु जीं राष्ट्रें एकमेकांचीं मित्र म्हणवितात, ज्यांच्यांत संरक्षणाचे तह झालेले असतात, त्यांच्यांतही हें घडतें आणि त्याचे परिणाम पन्नास पन्नास वर्षें पुरतात.

अशा प्रकरणांपैकीं अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनीं १९७१ ते १९७३ या तीन सालांत जपानशीं जो व्यवहार केला, तो शेतकऱ्यांनीं विशेष लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. विषय वरकरणी राजकारणाचा दिसतो. पण त्याचा शेवट सोयाबीनच्या शेंगेंत होतो, आणि लातूर, वाशीम किंवा अकोला येथील बाजारांत आज जो भाव पुकारला जातो, त्याच्याशींही त्याचा धागा जाऊन भिडतो. म्हणून हें प्रकरण आम्ही आज क्रमानें वाचकांपुढें मांडतों.

अध्यक्षाचा अधिकार येतो कोठून?

अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणें परराष्ट्रांशीं होणाऱ्या व्यापाराचें नियमन करणें व जकात बसविणें हा अधिकार तेथील कायदेमंडळाचा, म्हणजे ज्यास तेथें काँग्रेस म्हणतात त्या सभेचा आहे, अध्यक्षाचा नव्हे. परराष्ट्राशीं तह करावयाचा तर त्यासही सेनेटच्या दोन तृतीयांश सभासदांची संमति लागते. मग एकट्या अध्यक्षाच्या सहीनें व्यापाराची उलथापालथ कशी होते, असा प्रश्न कोणीही विचारील.

त्याचें उत्तर असें कीं, काँग्रेसनें वेळोवेळीं कायदे करून आपल्या अधिकाराचा मोठा वांटा अध्यक्षाच्या हातीं दिला. १९३४ च्या कायद्यानें परराष्ट्रांशीं करार करून जकातींत फेरफार करण्याची मुभा अध्यक्षास मिळाली. १९६२ च्या कायद्यानें, राष्ट्राच्या संरक्षणास बाध येत असेल तर एखाद्या मालाची आयात रोखण्याचा अधिकार मिळाला. १९६९ च्या कायद्यानें, देशांत मालाची टंचाई पडून महागाई वाढत असेल तर तो माल बाहेर जाऊं न देण्याचाही अधिकार मिळाला. घरच्या कर्त्यानें शेतीच्या सोयीसाठीं मुखत्यारपत्र लिहून द्यावें आणि मुखत्यारानें त्याच कागदाच्या जोरावर घराच्या वतीनें सोयरीक जोडावी किंवा मोडावी, तशांतलाच हा प्रकार आहे. कागद दिला असतो एका कामासाठीं, परंतु त्याची धांव कोठपर्यंत जाईल हें देतांना कोणास दिसत नाहीं.

यांत एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. कायदेमंडळांत एखादा प्रस्ताव यावयाचा म्हणजे चर्चा होते, वर्तमानपत्रांत बातमी येते, परकीय वकिलांस आपलें म्हणणें मांडतां येतें. अध्यक्षाचा हुकूम मात्र एका रात्रींत निघतो. त्याचा वेग हाच त्याचा गुण, आणि मित्राच्या दृष्टीनें पाहिलें तर वेग हाच त्याचा मोठा दोष.

मैत्रीचा पाया

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिका व जपान हे कट्टे वैरी होते. १९५१ च्या सप्टेंबरांत सॅन फ्रान्सिस्को येथें शांततेचा तह झाला आणि त्याच दिवशीं दोन्ही राष्ट्रांमध्यें संरक्षणाचाही करार झाला. १९६० सालीं तो करार सुधारून पुन्हां करण्यांत आला. जपाननें मोठें सैन्य बाळगावयाचें नाहीं, अमेरिकेनें त्याचें रक्षण करावयाचें, आणि त्याबदल्यांत जपाननें आपल्या भूमीवर अमेरिकेस लष्करी तळ द्यावयाचे, असा हा एकंदर व्यवहार होता.

व्यापाराची घडीही याच मैत्रीवर बसली. अमेरिकेच्या पेठा जपानी मालास मोकळ्या झाल्या. उलट जपाननें आपल्या लोकांच्या पोटाची एक मोठी तरतूद अमेरिकन शेतकऱ्यावर सोंपविली. गहूं, मका आणि सोयाबीन हीं तीन धान्यें अमेरिकेंतून जहाजें भरभरून येऊं लागलीं. जपानी माणसाच्या जेवणांत सोयाबीनला जें स्थान आहे, तें आपल्याकडे तुरीच्या डाळीस आहे असें म्हटलें तरी चालेल. मिसो नांवाचें आंबवलेलें कालवण, टोफू नांवाचा दह्यासारखा गोठविलेला पदार्थ, नात्तो, आणि रोजच्या जेवणांतील सोय सॉस, हे सर्व सोयाबीनचेच. असें असूनही जपाननें स्वतःच्या शेतांतील सोयाबीन जवळजवळ सोडून दिलें, कारण अमेरिकन माल स्वस्त पडे आणि तो बंद होईल अशी शंकाही कोणाच्या मनांत येत नसे. १९७० च्या सुमारास जपानास लागणाऱ्या सोयाबीनपैकीं सुमारें नव्वद टक्के सोयाबीन एकट्या अमेरिकेंतून येत होतें.

१९७१ चे दोन धक्के

निक्सन हे १९६८ च्या निवडणुकींत निवडून आले. त्या निवडणुकींत त्यांनीं दक्षिणेकडील कापड गिरण्यांच्या प्रांतांस असें वचन दिलें होतें कीं, बाहेरून येणाऱ्या स्वस्त कापडास आपण आळा घालूं. हें कापड मुख्यतः जपानचें. त्याच वेळीं जपानचे मुख्य प्रधान साटो यांस, युद्धापासून अमेरिकेच्या ताब्यांत असलेलें ओकिनावा बेट परत हवें होतें. १९६९ च्या नोव्हेंबरांत दोघांची भेट होऊन बेट १९७२ सालीं परत देण्याचें ठरलें. त्याबरोबरच कापडाची निर्गत आवरण्याचें आश्वासन साटो यांनीं खाजगींत दिलें अशी समजूत झाली. परंतु जपानांतील गिरणीवाल्यांपुढें त्यांचें कांहीं चालेना. जपानी भाषेंत सुताला ‘इतो’ व दोराला ‘नावा’ म्हणतात. ओकिनावाच्या शेवटीं तोच ‘नावा’ येतो, हें धरून ‘सूत विकलें आणि दोर घेतला’ अशी कोटी त्या वेळीं जपानांत लोकांच्या तोंडीं झाली होती.

वचन पुरें झालें नाहीं याचा राग निक्सन यांच्या मनांत राहिला. १५ जुलै १९७१ रोजीं त्यांनीं आपण चीनला जाणार असल्याचें एकाएकीं जाहीर केलें. तोंपर्यंत अमेरिकेच्याच सांगण्यावरून जपान चीनशीं फटकून वागत आलें होतें. आणि जपानच्या मुख्य प्रधानांस ही बातमी जगास कळण्याच्या कांहीं मिनिटेंच आधीं कळली. पुढें बरोबर एक महिन्यानें, १५ ऑगस्ट १९७१ रोजीं, दुसरा हुकूम निघाला. जकातीस पात्र अशा सर्व आयात मालावर दहा टक्के जादा जकात बसविण्यांत आली, आणि डॉलरच्या बदल्यांत परराष्ट्रांच्या सरकारांस सोनें देण्याचें बंद करण्यांत आलें. १५ ऑगस्ट हा जपानच्या शरणागतीचा दिवस, हें जपानी लोकांच्या नजरेंतून सुटलें नाहीं.

परिणाम लगेच दिसूं लागले. ऑक्टोबरांत जपाननें कापडाच्या निर्गतीवर मर्यादा घालण्याचें कबूल केलें. डिसेंबरांत येनचा भाव वाढविण्यांत आला. पूर्वीं एका डॉलरास ३६० येन पडत, ते ३०८ झाले. जादा जकात त्यानंतर उठविण्यांत आली. म्हणजे हिशेबाच्या वहींत पाहिलें तर अध्यक्षांस जें हवें होतें तें चार महिन्यांत मिळालें. परंतु दुसऱ्या वहींतही एक नोंद झाली. १९७२ च्या सप्टेंबरांत जपानचे नवे मुख्य प्रधान तानाका हे स्वतः पेकिंगला गेले आणि त्यांनीं चीनशीं राजकीय संबंध जोडले. अमेरिकेनें तेंच पुढें १९७९ सालीं केलें. ज्या मित्रास विचारल्याविना मोठा भाऊ निघून गेला, तो मित्र यापुढें आपली वाट आपणच शोधूं लागला.

१९७३ ची सोयाबीन बंदी

आतां आपल्या विषयाच्या गाभ्याकडे येऊं.

दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाच्या किनाऱ्यावर अँचोव्ही नांवाची लहान मासळी विपुल सांपडते. तिचा भुगा करून कोंबड्या व डुकरें यांस खाऊं घालीत. १९७० सालीं या मासळीचा उपसा एक कोटी वीस लक्ष टनांच्या आसपास होता. १९७२ सालीं समुद्राचें पाणी नेहमींपेक्षां गरम झालें, मासळी नाहींशी झाली, आणि दोन वर्षांत उपसा पूर्वीच्या चौथाईहूनही खालीं आला. मासळीचा भुगा मिळेना म्हणून सर्व जग सोयाबीनच्या पेंडीकडे वळलें. त्याच सालीं रशियानें अमेरिकेंत धान्याची प्रचंड खरेदी केली. १९७३ च्या फेब्रुवारींत डॉलरचा भाव पुन्हां उतरविला गेल्यामुळें परदेशी गिऱ्हाइकांस अमेरिकन माल आणखी स्वस्त पडूं लागला. या सर्वांचा परिणाम असा झाला कीं, १९७२ सालीं एका बुशेलास, म्हणजे सुमारें सत्तावीस किलो सोयाबीनला, साडेतीन डॉलरच्या आसपास असलेला भाव १९७३ च्या जूनमध्यें बारा डॉलरांवर गेला.

पेंड महागली, म्हणून मांस व अंडीं महाग झालीं. शहरांतील लोकांची ओरड सुरू झाली. सरकारनें मांसाच्या किंमतीवर बंधन घातलें होतें, पण चाऱ्याच्या किंमतीवर नव्हतें. तेव्हां कोंबड्या वाढविणें अंगावर येऊं लागलें, आणि कित्येक ठिकाणीं पाळणाऱ्यांनीं पिल्लें बुडवून मारिलीं. तीं दृश्यें लोकांनीं पाहिल्यावर तर सरकारवरील दडपण फारच वाढलें. १३ जूनला अध्यक्षांनीं साठ दिवस किंमती गोठविल्या व निर्गतदारांस आपल्या सौद्यांची माहिती कळविण्याचा हुकूम केला. ती माहिती गोळा झाली तेव्हां असें दिसलें कीं, परदेशी सौद्यांची बेरीज देशांत शिल्लक असलेल्या मालाहून अधिक भरते. वास्तविक टंचाईच्या भीतीनें एकाच मालासाठीं दोन दोन ठिकाणीं सौदे करून ठेवण्याची व्यापाऱ्यांची रीत असते. त्यामुळें कागदावरची मागणी खऱ्या मागणीहून फुगलेली असणें संभवनीय होतें. परंतु तितकें पारखून पाहण्यास वेळ कोणाजवळ होता? २७ जून १९७३ रोजीं सोयाबीन, सरकी आणि त्यांचें तेल व पेंड यांची निर्गत बंद करण्यांत आली. २ जुलैला बंदीऐवजीं परवाने आले: झालेल्या सौद्यांपैकीं सोयाबीन निम्में, आणि पेंड शंभरांत चाळीस, एवढीच पाठविण्याची परवानगी मिळाली.

येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, हे सौदे पूर्वींच झालेले होते. करार झाला, भाव ठरला, जहाजें ठरलीं, आणि मग सरकारी हुकूमानें कराराचे दोन तुकडे झाले. अमेरिकन सरकारच्या बाजूनें पाहिलें तर त्यांत दुष्ट हेतु नव्हता. आपल्या प्रजेस अन्न स्वस्त मिळावें असें कोणत्याही सरकारास वाटणारच. परंतु ज्याच्या घरीं नव्वद टक्के माल एकाच दुकानांतून येतो, त्यास दुकानदाराचा हेतु काय करावयाचा? टोफूचे भाव तर त्या सालाच्या आरंभापासूनच चढले होते. त्यांत ही बातमी येतांच जपानांत मोठी घबराट उडाली.

आणि इतकें करून साधलें काय? १९७३ च्या शरद ऋतूंत अमेरिकेंत सोयाबीनचें पीक दीडशें कोटी बुशेलांहून अधिक आलें. तोंपर्यंत इतकें पीक कधींच आलें नव्हतें. भाव उतरून सहा डॉलरांच्या आसपास आला. १ ऑक्टोबरपर्यंत निर्बंध पूर्णपणें उठले. तीन महिन्यांची टंचाई सुगीनें आपोआप भरून काढली. हुकूमाची आठवण मात्र भरून निघाली नाहीं.

जपाननें काय केलें?

जपाननें भांडण केलें नाहीं. संरक्षणाचा तह मोडला नाहीं, अमेरिकन माल घेणेंही थांबविलें नाहीं. शहाणा गिऱ्हाईक जसें करतो तसेंच त्यानें केलें: जुन्या दुकानाशीं गोडीनें बोलून दुसरें दुकान उघडविलें.

प्रथम त्यानें अमेरिकेकडूनच शब्द घेतला. १९७५ सालीं दोन्ही देशांच्या शेतकी मंत्र्यांमध्यें असा समझोता झाला कीं, तीन वर्षें दरसाल एक कोटी चाळीस लक्ष टन धान्य अमेरिकेनें जपानास पुरवावें. त्यांत सोयाबीन तीस लक्ष टन. दुसरें म्हणजे घरच्या शेतकऱ्यास सोयाबीन पेरण्यासाठीं उत्तेजन देण्यांत आलें. तिसरी गोष्ट सर्वांत दूरदृष्टीची. १९७४ च्या सप्टेंबरांत तानाका हे ब्राझीलला गेले, आणि तेथील अध्यक्ष गाइझेल यांच्याशीं ‘सेराडो’ प्रदेशांत शेती वाढविण्याविषयीं बोलणें झालें.

सेराडो म्हणजे ब्राझीलच्या मध्यभागचें सुमारें वीस कोटी हेक्टरांचें माळरान. पाऊस बरा, जमीन सपाट. परंतु माती लाल, आम्ल, फॉस्फरसनें दरिद्री आणि पिकाच्या मुळांस विषारी असें ॲल्युमिनम तींत भरलेलें. त्यामुळें त्या जमिनीस कोणी विचारीत नसे. १९७३ सालींच ब्राझीलनें एंब्रापा नांवाची शेतकी संशोधनाची संस्था स्थापिली होती. तेथील शास्त्रज्ञांनीं दोन गोष्टी साधल्या. एक, हेक्टरीं कांहीं टन चुना घालून मातीची आम्लता मारावयाची आणि वर भरपूर फॉस्फरसचें खत द्यावयाचें. दुसरी, थंड मुलखांतलें सोयाबीन विषुववृत्ताजवळच्या आंखूड दिवसांत लवकर फुलोऱ्यास येऊन खुजें राहतें. म्हणून उशिरां फुलणारे नवे वाण काढावयाचे. सोयाबीनच्या मुळांवरील गांठींत नत्र साठविणारे जंतु बियाण्यास चोळून नत्रखताचा खर्चही वांचविण्यांत आला.

जपान व ब्राझील यांची संयुक्त योजना १९७९ सालीं सुरू झाली आणि २००१ पर्यंत तीन टप्प्यांत चालली. जपाननें भांडवल दिलें व तज्ज्ञ पाठविले. सहकारी संस्थांमार्फत वसाहती वसविण्यांत आल्या. या योजनेखालीं आलेली जमीन साडेतीन लक्ष हेक्टरांच्या आसपास, म्हणजे सेराडोच्या मानानें फार थोडी. सेराडोचें सारें परिवर्तन जपाननें केलें असें म्हणणें चुकीचें होईल. ब्राझीलचें सरकार, तेथील संशोधक आणि दक्षिणेकडून कुटुंबें घेऊन आलेले शेतकरी यांचाच त्यांत मोठा वांटा आहे. त्यापायीं मूळचें रान फार तुटलें, हीही त्याची दुसरी बाजू आहे. परंतु वाट दाखविणारी नमुन्याची शेतें आणि खात्रीच्या गिऱ्हाइकाचा शब्द या दोन गोष्टींचें मोल शेतकऱ्यास सांगावयास नको.

अमेरिकन शेतकऱ्याच्या पदरीं काय पडलें?

१९७० सालीं ब्राझीलचें सोयाबीन पंधरा लक्ष टन होतें. दहा वर्षांत तें दीड कोटी टनांवर गेलें. पुढें २०२३ सालीं निघालेलें पीक दीडशें दशलक्ष, म्हणजे पंधरा कोटी टनांहून अधिक भरलें, आणि अमेरिकेचें पीक त्याच्या मागें पडलें. निर्गतींत तर ब्राझीलनें अमेरिकेस त्याच्या दहा वर्षें आधींच गांठून मागें टाकिलें होतें.

यांतील खरा बोध बारकाईनें पाहिला पाहिजे. जपान हें गिऱ्हाईक अमेरिकेनें गमावलें नाहीं. जपान आजही आपलें बहुतेक सोयाबीन अमेरिकेंतूनच घेतें. गमावलें तें निराळेंच, तें म्हणजे ‘आमच्यावांचून कोणाचें चालणार नाहीं’ ही स्थिति. तीन महिन्यांच्या हुकूमानें प्रतिस्पर्धी जन्मास आला असें नव्हे, परंतु त्यास अवेळीं बळ मिळालें. आणि २०१८ सालीं अध्यक्ष ट्रम्प यांच्या जकातींस उत्तर म्हणून चीननें अमेरिकन सोयाबीनवर पंचवीस टक्के जकात बसविली, तेव्हां चीनला जाण्यासाठीं दुसरें दुकान आयतें तयार होतें. पन्नास वर्षांपूर्वीं मित्रास दिलेल्या धक्क्याचें व्याज अशा रीतीनें तिसऱ्याच प्रसंगीं भरावें लागलें.

अमेरिकन शेतकरी मात्र स्वस्थ बसला नाहीं, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. त्याच्या संघांनीं आरडाओरड केली, आणि त्यांतून दोन चांगले कायदे झाले. १९७३ च्या ऑगस्टांतील कायद्यानें असें ठरलें कीं, धान्याच्या परदेशी सौद्यांची माहिती निर्गतदारांनीं सरकारास कळवावी आणि सरकारनें ती दर आठवड्यास प्रसिद्ध करावी. १९७७ च्या कायद्यानें असें ठरलें कीं, टंचाईच्या कारणानें सरकारनें निर्गत बंद केल्यास त्या मालास उंच आधारभाव देण्याचें ओझें सरकारनेंच उचलावें. आयातीवरील जादा जकातीसंबंधींही १९७४ च्या कायद्यानें पंधरा टक्के व दीडशें दिवस अशी मर्यादा घालण्यांत आली. त्या मर्यादेबाहेर दुसऱ्या कायद्यांच्या आधारें अध्यक्षास कितपत जातां येतें, हा वाद २०२५ सालींही न्यायालयांत गाजला.

पुढील काळांतील दाखले

असें नाहीं कीं हें प्रकरण एकदांच घडलें. २०१७ च्या जानेवारींत अध्यक्ष ट्रम्प यांनीं पॅसिफिक महासागराच्या भोंवतालच्या बारा देशांचा व्यापारी करार एका सहीनें सोडला. जपाननें उरलेल्या देशांस एकत्र करून तोच करार २०१८ च्या अखेरीस अमलांत आणिला. त्यामुळें जपानच्या पेठेंत ऑस्ट्रेलियाच्या गोमांसावर सुमारें साडेसव्वीस टक्के जकात आणि अमेरिकेच्या गोमांसावर साडेअडतीस टक्के, अशी तफावत पडली. तेथील पशुपालक हवालदिल झाले, आणि अमेरिकेस जपानशीं स्वतंत्र करार करावा लागला. तो १ जानेवारी २०२० पासून लागू झाल्यावर ती तफावत मिटली.

२०२५ च्या एप्रिलांत त्याच अध्यक्षांनीं जपानी मालावर चोवीस टक्के जकात जाहीर केली, जुलैच्या आरंभीं ती पंचवीस होईल असें कळविलें, आणि जुलैच्या उत्तरार्धांत पंधरा टक्क्यांवर समझोता केला. त्या समझोत्यांत जपाननें अमेरिकेंत साडेपांचशें अब्ज डॉलरांपर्यंत भांडवल घालण्याचें आणि ठरीव कोट्यांतच अमेरिकन तांदूळ अधिक घेण्याचें मान्य केलें. तांदूळ हा जपानी शेतकऱ्याचा जीव कीं प्राण. मोटारींच्या जकातीची वाटाघाट अखेर भाताच्या खाचरांत येऊन थांबली, हें आमच्या वाचकांच्या ध्यानांत यावें.

आपण यापासून काय घ्यावें?

आपल्या देशांत असे हुकूम राष्ट्रपतींच्या मर्जीनें निघत नाहींत. ते मंत्रिमंडळाच्या धोरणानें निघतात. परंतु शेतकऱ्यास त्यांत फरक तो काय? २०१९ च्या सप्टेंबरांत, पुन्हां २०२० च्या सप्टेंबरांत आणि पुन्हां २०२३ च्या डिसेंबरांत कांद्याची निर्गत एकाएकीं बंद झाली, हें नाशिक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस विसरतां येणार नाहीं. २०१९ च्या ऑक्टोबरांत बांगला देशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीस आल्या असतां त्यांनीं हसत हसत, पण सर्वांसमक्ष, असें सांगितलें कीं कांदा न घालतां स्वयंपाक करण्यास आपण आपल्या आचाऱ्यास बजाविलें आहे, आणि यापुढें बंदीची आगाऊ सूचना मिळाली तर बरें होईल. मित्राचें असें हंसणें फार महाग असतें. १९७३ च्या जपाननेंही रागावून कांहीं केलें नाहीं.

सोयाबीनचा संबंध तर याहूनही सरळ आहे. महाराष्ट्रांतील खरिपाचें तें आज मुख्य पीक झालें आहे. आणि ब्राझील व अर्जेंटिना येथील तेल आपल्याच बंदरांत उतरतें. तेव्हां सेराडोंतील पीक चांगलें आलें कीं आपल्या खळ्यावरील भाव हलतो. तानाका यांच्या १९७४ च्या प्रवासाचा आणि आपल्या बाजार समितींतील लिलावाचा संबंध असा आहे.

यावरून आमच्या सभासदांनीं तीन गोष्टी मनांत बाळगाव्या असें आम्हांस वाटतें. पहिली, संस्थेचा माल एकाच गिऱ्हाइकावर किंवा एकाच देशावर अवलंबून ठेवूं नये. दोन पैसे कमी मिळाले तरी दुसरी वाट चालू ठेवावी. दुसरी, साठ्याची व झालेल्या सौद्यांची खरी माहिती संस्थेनें नियमानें गोळा करून प्रसिद्ध करावी. कारण १९७३ चा हुकूम टंचाईपेक्षां टंचाईच्या अजमासावर निघाला होता, आणि जेथें खरे आंकडे नसतात तेथें घाबरट हुकूम निघतात. तिसरी, बंदी घालूंच नये असें म्हणत बसण्यापेक्षां, बंदी घालणें भागच पडलें तर झालेले सौदे पुरे होऊं द्यावे, बंदरांत पोंचलेला माल अडवूं नये, मुदत आधीं जाहीर करावी आणि पडलेल्या भावाची भरपाई द्यावी, अशी निश्चित मागणी सरकारापुढें एकजुटीनें ठेवावी. ही मागणी अवास्तव नाहीं. अमेरिकन शेतकऱ्यानें तिच्यापैकीं कांहीं भाग १९७७ सालीं कायद्यांत उतरवून घेतला होता.

गिऱ्हाइकाशीं जोडलेलें नातें हें विहिरीसारखें असतें. तें खणण्यास एक पिढी लागते आणि बुजविण्यास एक दिवस पुरतो. सही करणाऱ्याच्या हातून त्या दिवशीं काय बुजतें आहे, हें त्यास सांगण्याचें काम ज्याच्या शेताला त्या विहिरीचें पाणी जातें त्याचेंच आहे. तें काम सभासदांनीं बंदीची बातमी येण्यापूर्वीं, म्हणजे स्वस्थतेच्या दिवसांत, हातीं घ्यावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.